बिबट्या शहरात आला तर सरकार, पर्यटक जंगलात गेला तर कोण?

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव शहर एका बिबट्याने वेठीस धरले होते. ५ ऑगस्ट रोजी जाधवनगर परिसरात त्याने एका बांधकाम मजुरावर हल्ला केला आणि तो दिसेनासा झाला. पुढे गोल्फ मैदानाच्या विस्तीर्ण झाडीत त्याचा वावर कॅमेऱ्यात टिपला गेला. मैदानाच्या आसपासच्या वीसहून अधिक शाळांना सुट्टी द्यावी लागली. पिंजरे लावले गेले, ट्रॅप कॅमेरे बसवले गेले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून प्रशिक्षित हत्ती आणले गेले. भरवस्तीजवळचा रस्ता ओलांडतानाचे त्याचे चित्रण समाजमाध्यमांवर फिरले. जवळपास महिनाभर चाललेल्या या मोहिमेला बिबट्याने शेवटपर्यंत दाद दिली नाही. तो सापडला नाहीच. या काळात वनखात्यावर टीकेची झोड उठली आणि ती स्वाभाविक होती. घराच्या अंगणात हिंस्र प्राणी आल्यावर नागरिकाने सरकारकडे पाहायचे नाही तर कोणाकडे?

हाच प्रश्न उलट बाजूने मात्र क्वचितच विचारला जातो. त्याच बेळगावातून जांबोटीच्या रस्त्याला लागलेली गाडी तासाभरात अशा अरण्यात शिरते, जिथे बिबटे, अस्वले, गवेरेडे आणि अधूनमधून वाघही पिढ्यानपिढ्या नांदत आले आहेत. गोव्यातून केरीमार्गे चोर्ला घाट चढणारी गाडीही तेच अरण्य ओलांडते. तिथे कोणी शाळा बंद ठेवत नाही, कोणी हत्ती आणून पहारा करत नाही. गाडी कुठे थांबवायची, काच खाली करायची की नाही, खाली उतरायचे की नाही, हे सारे निर्णय गाडीतली माणसेच घेतात. त्या निर्णयांची जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा विषय आहे.

फाटक नसलेले अभयारण्य

व्याघ्रप्रकल्पात सफारीला जाणाऱ्या पर्यटकाला आपण जंगलात आहोत याची जाणीव पदोपदी करून दिली जाते. तिकीट असते, फाटक असते, आत-बाहेर जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, सोबत वाटाड्या असतो. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातले जंगल तसे नाही. इथे जंगल रस्त्याच्या दोन्ही कडांना येऊन टेकलेले आहे आणि रस्ता तर राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचा उगम याच डोंगररांगांतला. बारापेडेच्या गुहांतील दुर्मीळ वटवाघळांमुळे हा परिसर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. या अभयारण्याला लागून पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आहे, दक्षिणेकडे दांडेलीच्या दिशेने काळी व्याघ्रप्रकल्प आणि उत्तरेकडे तिलारी, आंबोली, चंदगड, आजरा. नकाशावर ही तीन राज्ये आहेत. प्राण्यांच्या लेखी ती एकच वाट आहे.

निपाणीची गोष्ट थोडी वेगळी. तंबाखू आणि उसाच्या या मुलुखात घनदाट अरण्य नाही. पण निपाणीकराला रविवारी सकाळी निघून दुपारपर्यंत जंगल गाठता येते. मुरगूडवरून राधानगरीकडे जाणारा रस्ता पुढे दाजीपूरच्या अभयारण्यातून फोंडा घाटात उतरतो. १९५८ मध्ये घोषित झालेले हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य गव्यांसाठीच ओळखले जाते. दुसरी वाट संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली अशी सावंतवाडीकडे आणि तिथून गोव्याकडे. या दोन्ही वाटांवर पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. धबधबा, धुके, भजी आणि छायाचित्रे हा ठरलेला कार्यक्रम. जंगली प्राणी त्या कार्यक्रमात नसतोच. तो अचानक दिसला की मग त्याचाही कार्यक्रमात समावेश होतो आणि बहुतेक अपघातांची सुरुवात तिथूनच होते.

बंदीपूरचा दंड

१० ऑगस्ट २०२५ रोजी कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्रप्रकल्पातून जाणाऱ्या रस्त्यावर एक माणूस गाडीतून उतरला आणि हत्तीसोबत सेल्फी काढण्यासाठी त्याच्या जवळ गेला. हत्तीने त्याचा पाठलाग केला, तो पडला, हत्तीने त्याला पायाखाली घेतले. तो वाचला, हे नवलच. या प्रसंगाचे चित्रण देशभर पाहिले गेले. वनखात्याने त्याला २५,००० रुपयांचा दंड ठोठावला आणि आपण चूक केली असे चित्रफितीद्वारे सांगायला लावले. जखमी माणसाला दंड करणे काहींना निर्दयपणाचे वाटले. परंतु या दंडामागे एक तत्त्व आहे. जंगलातल्या रस्त्यावर उतरण्याची मनाई आहे, हे ठाऊक असताना जो उतरतो, तो अपघाताचा बळी असतोच, पण त्या अपघाताचा कर्ताही असतो.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने हे तत्त्व आकड्यांत बसवले आहे. अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, तर रानरेडा आणि इतर मोठ्या प्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर राखणे तिथे प्रत्येक पर्यटकाला बंधनकारक आहे. प्राणी जवळ आला तर मागे सरायचे ते माणसाने. तरीही जवळजवळ दर उन्हाळ्यात तिथे रानरेड्याने शिंगावर घेतलेल्या पर्यटकाची बातमी येते. २०१६ मध्ये तर काही पर्यटकांनी रानरेड्याचे पिल्लू थंडीने कुडकुडत आहे असे समजून चक्क आपल्या गाडीत घालून वनरक्षकांकडे नेले. त्या पिल्लाला कळपाने पुन्हा स्वीकारले नाही आणि शेवटी अधिकाऱ्यांना त्याला दयामरण द्यावे लागले. म्हणजे पर्यटक नेहमी उद्दामच असतो असे नाही. अज्ञानातून आलेला कळवळाही प्राण्याच्या जिवावर बेततो.

वाटाड्या सोबत असला म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. २०२४ च्या अखेरच्या दिवशी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडले. वाटाडे होते, परवाने होते, नियमही होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई चालकांवर आणि वाटाड्यांवर झाली. पण ‘थोडे अजून पुढे घ्या’ हा आग्रह मागच्या आसनावरून येत असतो, हे सफारी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

गवा शांत दिसतो तेव्हा

सीमाभागातल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणारा मोठा प्राणी म्हणजे गवा, गोव्याच्या बोलीत गवेरेडा. खांद्यापाशी साडेपाच-सहा फूट उंच, वजन हजार किलोच्या घरात. तो गाईसारखा दिसतो, रस्त्याकडेला गाईसारखाच चरतो आणि गाडीकडे मख्खपणे पाहत राहतो. त्यामुळे माणसाची भीती चेपते. हीच मोठी फसगत. कळपातला गवा सहसा माणसाला टाळून जंगलात शिरतो. एकटा फिरणारा नर मात्र वेगळा. तो अंग आडवे करून, पाठीचा उंचवटा ताठ दाखवत सावकाश चालू लागला किंवा नाकातून जोराचा फुत्कार सोडला, तर त्याने आपल्या परीने इशारा दिलेला असतो. मोबाईलच्या पडद्यावर ही पोझ फार सुंदर दिसते. छायाचित्रासाठी पुढे जाणारी माणसे नेमकी याच क्षणी पुढे जातात.

गव्याचा हल्ला बहुधा त्याची पळवाट बंद झाल्यावर होतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात भरकटलेल्या गव्यामागे शेकडो लोक धावले. काही तास तो सैरावैरा पळत राहिला. त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०२१ मध्ये, निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात गवा शिरला. पंचगंगेच्या काठाने तो फिरत होता आणि बघ्यांची गर्दी त्याच्या मागावर होती. शहराबाहेर भुयेवाडीजवळ त्याने केलेल्या हल्ल्यात एका तरुणाचा मृत्यू झाला. एका शहरात गवा मेला, दुसऱ्यात माणूस. दोन्हीकडे गर्दी सारखीच होती.

घाटरस्त्यावर हेच दृश्य लहान प्रमाणात रोज घडते. गवा रस्त्याच्या मधोमध असतो. पुढची गाडी थांबते, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्याच्या डोळ्यांवर पडतात. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगराची कापलेली कड. त्याला जायला जागाच उरत नाही. अशा वेळी इंजिन सुरू ठेवून, दिवे मंद करून, पुरेसे अंतर सोडून थांबणे एवढेच करायचे असते. दोन-चार मिनिटांत गवा आपली वाट शोधतो. ती दोन-चार मिनिटे मात्र कोणाकडे नसतात.

अस्वलाला ऐकू जाईल असे चाला

बिबट्याची भीती सर्वांना वाटते. खानापूरच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला विचारले तर तो आधी अस्वलाचे नाव घेईल. काजू गोळा करताना, सरपण आणताना, पहाटे शेताकडे जाताना अस्वलाने फाडलेली माणसे या तालुक्यात गावोगाव आहेत. अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही. त्याची दृष्टी अधू, नाक तीक्ष्ण. वारुळात तोंड घालून वाळवी ओढून खाण्यात ते गुंग असते, तेव्हा त्याला माणसाची चाहूल लागत नाही. माणूस दहा पावलांवर येऊन उभा ठाकला की ते दचकते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. मागच्या पायांवर उभे राहून ते थेट चेहऱ्यावर आणि डोक्यावर पंजा मारते. पिल्ले पाठीवर घेऊन फिरणारी मादी असेल तर धोका दुप्पट.

धबधब्याकडे जाणाऱ्या पायवाटांवरचा पर्यटक या दृष्टीने विशेष असुरक्षित असतो. वज्रपोह्यासारख्या धबधब्यांच्या वाटेवर पाण्याचा आवाज इतका असतो की अस्वलाला माणूस ऐकू येत नाही आणि माणसाला अस्वल. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे छायाचित्रासाठी उजेड सर्वांत मोहक असतो तेव्हाच, अस्वल बाहेर पडलेले असते. उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळे आणि फणस पिकतात, तेव्हा ते त्या झाडांखाली येते. म्हणून जाणकार गावकरी जंगलात बोलत, खोकत, काठी आपटत चालतात. गाणी मोठ्याने लावावीत असा याचा अर्थ नाही. स्पीकरवरचे संगीत इतर सर्व प्राण्यांना छळते, आणि माणसाला स्वतःला काही ऐकू येत नाही ते वेगळेच. आपापसात साधे बोलत चालणे पुरेसे असते. अस्वल समोर आलेच तर पळू नये आणि झाडावर चढू नये, कारण या दोन्ही गोष्टी त्याला माणसाहून चांगल्या येतात. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. त्याने गाठलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकून घ्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

बिबट्याच्या बाबतीत नियम थोडा निराळा. तो माणसाच्या उभ्या आकृतीला सहसा बिचकतो. खाली वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल त्याला भक्ष्यासारखे दिसू शकते. रात्रीच्या वेळी घाटात गाडी थांबवून झुडपाआड बसणारे प्रवासी हा धोका पत्करत असतात, याची त्यांना कल्पनाही नसते.

हत्ती या भागात तसा नवा. २००२ मध्ये कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्ग तालुक्यात शिरले आणि तेव्हापासून चंदगड, आजरा, तिलारी हा त्यांचा वावराचा पट्टा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा तरुण टस्कर सीमा ओलांडून गोव्यात पेडणे तालुक्यात उतरला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी आणि त्याचे चित्रण करण्यासाठी लोक जमू लागले. हत्तीसोबत वावरण्याची पिढीजात सवय या भूमीत नाही. कोडगूच्या मळेवाल्याला जे उपजत कळते ते पेडणेकराला किंवा आजरेकराला शिकावे लागणार आहे. कान पंख्यासारखे हलत असतील तर हत्ती निवांत असतो. कान ताठ पसरून, डोके वर करून तो स्थिर उभा राहिला की त्याचे सारे लक्ष समोरच्यावर आहे असे समजावे. अनेकदा तो काही पावले धावून येतो आणि थांबतो. ही हूल असते. ती पाहून ‘हत्ती घाबरला’ असा निष्कर्ष काढणारे शहाणे दुसऱ्या वेळी जिवाला मुकू शकतात, कारण दुसरी धाव हूल असेलच असे नाही.

वेफर्सचे पाकीट

या सगळ्या थरारापुढे माकडाला वेफर्स टाकणे अगदीच निरुपद्रवी वाटते. चोर्ला आणि आंबोली घाटांतल्या वळणांवर कठड्यावर बसलेली माकडे आता गाडीचा वेग मंदावला की खाली उतरतात. ही सवय त्यांना पर्यटकांनीच लावली. आज हातातून केळे घेणारे माकड उद्या पोराच्या हातातली पिशवी ओढते, परवा चावते. चावा घेतल्यावर रेबीज प्रतिबंधक लसीसाठी धावाधाव होते. रस्त्यावर उतरण्याची सवय लागल्याने चाकाखाली येणारी माकडे वेगळीच. कठड्याखाली फेकलेल्या उष्ट्या अन्नावर रानडुकरे आणि भटकी कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागोमाग बिबट्या येतो. निर्मनुष्य वळणावर बिबट्याला रोज रात्री हजेरी लावायला कोणी शिकवले, याचे उत्तर अशा कचऱ्यात सापडते.

पाण्याकाठची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात रायबाग तालुक्यात घराच्या छपरावर विसावलेल्या मगरीचे चित्र अनेकांना आठवत असेल. निपाणी परिसरातल्या वेदगंगा-दूधगंगेचे पाणी शेवटी ज्या कृष्णेला मिळते, त्या कृष्णेत मगरींचा वावर जुनाच आहे. दांडेलीत काळी नदीच्या काठावर मगर पाहायला पर्यटक जातात. त्याच दांडेलीत २०२१ मध्ये काठावर मासे पकडणाऱ्या मुलाला मगरीने ओढून नेले. मगर दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही, एवढे पाण्यात पाय सोडून बसताना लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

साप हाताळून छायाचित्र काढणाऱ्यांनी एक वैद्यकीय वस्तुस्थिती जाणून घेतली पाहिजे. भारतात मिळणारे सर्पदंशावरील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनवलेले असते. घाटातल्या झुडपांवर पावसाळ्यात हमखास दिसणारा मलबारी चापडा किंवा याच जंगलातला नागराज यांच्या विषावर ते लागू होत नाही. चापड्याचा दंश सहसा प्राणघातक नसला तरी हात सुजून काळानिळा होतो. नागराजाबद्दल वेगळे सांगायला नको.

कायदा काय म्हणतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पर्यटकाला थेट लागू होणारी तीन कलमे आहेत आणि तिन्ही फारशी चर्चेत नसतात. कलम २७ नुसार अभयारण्यात कोणत्याही वन्यप्राण्याला डिवचणे, त्रास देणे किंवा तिथे कचरा टाकणे निषिद्ध आहे. दुसरी तरतूद शिकारीच्या व्याख्येची. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आमिष दाखवणे आणि असा प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. रात्री घाटात गव्यामागे गाडी पळवत चित्रण करणारा तरुण स्वतःला शिकारी समजत नसेल, पण कायदा त्याला तसे समजू शकतो. गवा, हत्ती, अस्वल, बिबट्या हे सारे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास सांगितला आहे.

तिसरे कलम सर्वांत बोलके आहे. कलम ११ प्रमाणे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवरक्षणासाठी सद्हेतूने वन्यप्राण्याला मारणे हा गुन्हा ठरत नाही. मात्र त्याला एक परंतुक जोडलेले आहे. स्वसंरक्षणाची वेळ आली तेव्हा तो माणूस स्वतःच या कायद्याचे उल्लंघन करत होता असे आढळले, तर त्याला या सवलतीचा आधार मिळत नाही. म्हणजे परवानगीशिवाय अभयारण्यात शिरून, प्राण्याला डिवचून, मग जीव वाचवण्यासाठी त्याला मारले असे म्हणता येत नाही. संकट स्वतः ओढवून घेणारा आणि संकटात सापडलेला, यांच्यात कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच फरक केला होता.

किंमत कोण मोजतो

हा फरक सीमाभागात इतका महत्त्वाचा का, याचे कारण इथल्या गावांत आहे. भीमगडच्या पोटात तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव, कृष्णापूर अशी मराठी बोलणारी गावे आहेत. पावसाळ्यात यांतल्या काहींचा रस्ता तुटतो, आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना जंगलाबाहेर वसवण्याची प्रक्रिया सुरू झाली. वन्यजीवांसाठी पिढ्यानपिढ्यांचे घर सोडणाऱ्या माणसांच्या शेजारून शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्या जंगलाच्या आत जातात, हे चित्र त्या माणसांना कसे दिसत असेल?

वर्ष २०१४ ची एक घटना खानापूर तालुका विसरलेला नाही. चिक्कमगळूर जिल्ह्यात माणसांवर हल्ला केलेला एक वाघ पकडून, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून या भागातल्या जंगलात सोडण्यात आला. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात त्याने तालुक्यातील एका गावात एका तरुण विवाहितेचा बळी घेतला आणि काही दिवसांतच त्याला गोळी घालावी लागली. त्या स्त्रीने कोणताही धोका पत्करलेला नव्हता. वाघ कुठे सोडायचा हा निर्णयही तिचा नव्हता. जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला प्राण्यापासून दूर राहण्याची मुभाच नसते. पर्यटकाला ती असते.

पर्यटकाच्या वागण्याचे परिणाम त्याच्यासोबत घरी जात नाहीत. हॉर्न, दिवे आणि दगडांनी बिथरलेला एकटा गवा पुढच्या वळणावर दुचाकीवरून येणाऱ्या दूधवाल्याला भेटतो. माणसाच्या हातून खायला शिकलेले माकड गावातल्या घरांत कौले काढून शिरते. माणसाची भीड चेपलेला हत्ती शेताच्या मचाणाकडे सरकतो. मग गावकरी चिडतात आणि त्यांचा राग पर्यटकावर निघत नाही, तो प्राण्यावर निघतो. सत्तरीतल्या गोळावली गावात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. त्यामागे गुरे मारली गेल्याचा राग होता, पर्यटन नव्हते. पण जंगल आणि गाव यांच्यातले नाते किती ताणलेले आहे, हे त्यातून दिसले. त्या ताणात बाहेरून येणाऱ्याने भर घालावी का?

याचा अर्थ सरकारी यंत्रणांची जबाबदारी संपते असा नाही. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतुकीला बंदी आहे. चोर्ल्यावर तसे काही नाही, आणि गोवा-बेळगाव व्यापाराचा विचार करता ते सोपेही नाही. पण धोक्याच्या वळणांवर वेगनियंत्रक, कचऱ्याची व्यवस्था, सुट्टीच्या दिवशी गस्त, एवढे तर शक्य आहे. फलकांचा प्रश्न थोडा गमतीचा आहे. केरीहून वर चढताना आणि आंबोलीहून संकेश्वरकडे जाताना सीमा ओलांडली की फलकाची लिपी बदलते, आणि भाषेवरून भांडणाऱ्या या प्रदेशात फलक कोणत्या भाषेत असावा यावरच सारी शक्ती खर्च होते. पिवळ्या पाटीवरचे हत्तीचे काळे चित्र मात्र तिन्ही राज्यांत सारखेच आहे.

या पावसाळ्यात घाटाकडे निघणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. वन्यप्राणी वस्तीत आल्यास किंवा जखमी दिसल्यास कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. अपघातासाठी ११२ हा क्रमांक तिन्ही राज्यांत चालतो. मात्र चोर्ला घाटातल्या अनेक वळणांवर मोबाईलला रेंज मिळत नाही. कणकुंबीच्या आसपास काही झाले तर मोठ्या रुग्णालयासाठी एका बाजूला बेळगाव, साधारण पन्नास किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला घाट उतरून साखळी. धुक्यात आणि पावसात या प्रवासाला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. धबधब्याकडे पायी जायचे असल्यास आधी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. अनेक वाटा पावसाळ्यात बंद असतात. वाट खुली असली तर गावातला एखादा माणूस सोबत घ्यावा. त्याला अस्वलाच्या पंजाचा ओला ठसा ओळखता येतो आणि परत कधी फिरायचे हेही कळते.